एकाच पोर्टेबल हार्ड डिस्कवर साठवणही आणि बूटही: २ टीबीची विभागणी कशी करावी?

लोलक
२ टीबीची अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे, यूएसबी ३ ची, नवी, अजून रिकामी. तिच्यावर दोन कामं हवी आहेत. एक, साधारण ५८० जीबीचे फोटो, ध्वनिमुद्रणं आणि स्कॅन केलेली कागदपत्रं ठेवणं. दोन, संगणक बिघडला तर तिच्यावरूनच चालू करून दुरुस्ती करणं किंवा विंडोज, लिनक्स नव्यानं टाकणं.

संगणक तीन आहेत. २०११ चा डेस्कटॉप जुन्या बायोसचा (संगणक चालू होताना सर्वांत आधी चालणारं सॉफ्टवेअर). २०१९ चा लॅपटॉप यूईएफआयचा (बायोसच्या जागी आलेलं नवं रूप), त्यावर विंडोज १०. तिसरा नवा लॅपटॉप, विंडोज ११, सिक्युअर बूट (मान्य सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू.

प्रश्न: डिस्कच्या विभागणीची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीनं ठेवू की नव्या जीपीटीनं? पार्टिशन (डिस्कचे भाग) किती आणि कोणत्या प्रकारचे? रूफस (बूटची डिस्क तयार करणारं साधन) वापरावं का? आणि जमलं तर पूर्ण लिनक्सच या डिस्कवर टाकून ती कुठल्याही संगणकाला लावून चालवता येईल का?

पाचर
लोलक, डेटा अजून टाकलेला नाही हे फार बरं. या कामात पहिली पायरी पार्टिशनची. ती नंतर करायला गेलं की सगळं दुसरीकडे हलवून परत आणावं लागतं.

रूफस या कामासाठी नको. ते साधन चांगलं आहे, पण ते अख्खी डिस्क पुसून एकाच आयएसओसाठी (विंडोज किंवा लिनक्सची पूर्ण इन्स्टॉल डिस्क एका फाइलमध्ये) तयार करतं. शिवाय यूएसबी हार्ड डिस्क त्याच्या यादीत मुळात दिसत नाही. प्रगत पर्यायांत जाऊन 'लिस्ट यूएसबी हार्ड ड्राइव्ह्ज' वर खूण करावी लागते. लोकांनी चुकून साठवणीची डिस्क पुसू नये म्हणून ती अडवणूक ठेवली आहे.

तुमच्यासाठी व्हेन्टॉय. ते एकदा डिस्कवर बसवलं की आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या. बूट झाल्यावर त्यांची यादी समोर येते, हवी ती निवडायची.

एमबीआर की जीपीटी याचं उत्तर तुमच्या २०११ च्या डेस्कटॉपनं दिलेलं आहे: एमबीआर. एमबीआरमध्ये सेक्टरचा (डिस्कवरच्या सर्वांत लहान कप्प्याचा) क्रमांक ३२ बिटांचा असतो आणि सेक्टर ५१२ बाइटांचा, म्हणून ती पद्धत २.१९९ टीबीपर्यंतच पोचते. २ टीबीची डिस्क त्यात जेमतेम बसते. ४ टीबीची असती तर जीपीटीशिवाय इलाज नव्हता. एमबीआरवरून यूईएफआयचे संगणकही चालू होतात, त्यांना फक्त फॅट या जुन्या फाइलरचनेचा एक पार्टिशन आणि त्यात ठरावीक जागी बूटची फाइल लागते. व्हेन्टॉय ते स्वतः करून देतं.

विंडोजमधून करायच्या पायऱ्या:

१. बाकीच्या सगळ्या पेन ड्राइव्ह, कार्ड, डिस्क काढून ठेवा. एवढी एकच लावा.
२. व्हेन्टॉय उघडा. पर्यायांत 'पार्टिशन स्टाइल' एमबीआर. 'शो ऑल डिव्हाइसेस' ला हात लावू नका, त्यानं संगणकाच्या आतल्या डिस्कही यादीत येतात.
३. 'पार्टिशन कॉन्फिगरेशन' मध्ये डिस्कच्या शेवटी १७६० जीबी राखून ठेवा. २ टीबीची डिस्क विंडोजला १८६३ जीबी दिसते, म्हणजे व्हेन्टॉयसाठी सुमारे १०३ जीबी उरतात.
४. 'सिक्युअर बूट सपोर्ट' वर खूण असू द्या. 'इन्स्टॉल' दाबा. ते दोनदा विचारतं. दोन्ही वेळा डिस्कचं नाव आणि आकार वाचूनच पुढे जा.
५. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन शेवटच्या मोकळ्या जागेत एनटीएफएसचा (विंडोजची नेहमीची फाइलरचना) पार्टिशन करा.

शेवटी तीन पार्टिशन होतील: १०३ जीबीचा एक्सफॅट (फॅटची नवी आवृत्ती, आयएसओंसाठी), त्याला लागून ३२ एमबीचा व्हेन्टॉयचा स्वतःचा, आणि उरलेला एनटीएफएस तुमच्या डेटाचा. त्या ३२ एमबीच्या पार्टिशनमध्ये काहीही ठेवू नका.

कानस
पाचर यांनी १०३ जीबी का घेतले ते सांगायचं राहिलं, आणि लोलक यांच्या डेस्कटॉपसाठी तेच महत्त्वाचं आहे.

जुन्या बायोसमध्ये यूएसबी डिस्क वाचणारा भाग पुष्कळदा २८ बिटांचाच क्रमांक वापरतो. २ चा २८ वा घात गुणिले ५१२ म्हणजे १३७ जीबी, विंडोजच्या मोजणीत १२८ जीबी. त्यापलीकडचं त्या बायोसला दिसतच नाही. व्हेन्टॉयचा ३२ एमबीचा पार्टिशन पहिल्या पार्टिशनच्या शेवटाला असतो. पहिला पार्टिशन १८०० जीबीचा केला, तर बूटच्या फाइली १८०० व्या जीबीवर जाऊन बसतात. मग नव्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत आणि जुन्यावर काळा पडदा किंवा 'व्हेन्टॉयची डिस्क नाही' असा संदेश. माणूस डिस्कला दोष देतो. पहिला पार्टिशन १२० जीबीच्या आत ठेवला की ही अडचण येत नाही. आयएसओही त्याच्या आतच राहतात, त्यामुळे त्या उघडतानाही अडत नाही.

लोलक
धन्यवाद. डेटासाठी एनटीएफएस का? मला वाटलं होतं एक्सफॅट सगळीकडे चालतं.

पाचर
चालतं, पण त्याला जर्नल नाही. लिहिणं चालू असताना वायर निघाली किंवा वीज गेली तर एनटीएफएस आपल्या नोंदवहीवरून रचना सावरतं. एक्सफॅटमध्ये तशी वही नाही, आणि बहुधा फाइल वाटपाचा तक्ताही एकच असतो. तो अर्धवट लिहिला गेला की अख्ख्या फोल्डरवर गदा येऊ शकते. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर डेटाला एक्सफॅट नकोच.

मॅकवर एनटीएफएस फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. तुमच्याकडे मॅक नाही, म्हणून एनटीएफएस. लिनक्सच्या ५.१५ कर्नेलपासून (लिनक्सचा गाभा, २०२१) एनटीएफएस वाचणं-लिहिणं कर्नेलमध्येच आहे. त्याआधीही वेगळ्या ड्रायव्हरनं जमायचंच.

फॅट३२ चा विचार नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही.

गिरमिट
एक भर. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कला 'क्विक रिमूव्हल' हे धोरण मुळातच लागू असतं, म्हणजे लिहिलेलं फार वेळ मेमरीत अडकून राहत नाही. तरी 'सेफली रिमूव्ह' करूनच वायर काढा. फिरत्या डिस्कमध्ये मुद्दा फक्त डेटाचा नाही. नीट बंद केली तर वाचणारं डोकं हळूच बाजूला जाऊन बसतं. अचानक वीज तोडली तर त्याला घाईनं ओढून घ्यावं लागतं, आणि ते वारंवार झालं की झीज वाढते. दिवा बंद झाल्यावरही चकती थांबायला काही सेकंद लागतात, तोवर डिस्क उचलू नका.

लिनक्समध्ये 'अनमाउंट' पेक्षा फाइल मॅनेजरमधलं 'सेफली रिमूव्ह ड्राइव्ह' वापरा. अनमाउंटनं फाइलरचना सुटते, चकती फिरतच राहते.

लोलक
आता जुन्या डेस्कटॉपचं. पुढच्या बाजूच्या यूएसबीला डिस्क लावली तर टिक् टिक् आवाज येतो आणि ती दिसत नाही. मागच्या बाजूला लावली तर विंडोजमध्ये दिसते, पण बूटच्या यादीत येत नाही.

कानस
ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

टिक् टिक् म्हणजे वीज कमी पडते आहे. यूएसबी २ च्या पोर्टनं द्यायचा करार ५०० मिलिअँपिअरचा, यूएसबी ३ चा ९०० चा. अडीच इंची डिस्कला थांबलेली चकती फिरवायला सुरुवातीचे दोन-तीन सेकंद १ अँपिअरच्या आसपास लागू शकतो. मागची पोर्ट मदरबोर्डलाच जोडलेली असतात, ती तेवढं देऊन टाकतात. पुढच्या पोर्टला कॅबिनेटमधून आलेली लांब, बारीक वायर असते. तिच्यात व्होल्टेज पडतं, चकती पुरी वेग घेत नाही, डोकं परत जागेवर जातं, पुन्हा प्रयत्न होतो. तोच आवाज. असं दोन-तीनदा झालं की वायर काढा, तसंच चालू ठेवू नका. डिस्कसोबत आलेली आखूड वायर मागच्या पोर्टला लावा. तरीही पुरत नसेल तर स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा हब घ्या. दोन यूएसबी तोंडांची 'वाय' वायर मिळते, तीही चालते.

चांगल्या पोर्टवर, चांगल्या वायरनंही तोच आवाज येत राहिला तर मात्र डिस्कच गेलेली असू शकते.

बूटच्या यादीत न येण्याची २०११ च्या बोर्डावर तीन नेहमीची कारणं आहेत, याच क्रमानं पाहा.

पहिलं म्हणजे मागची निळी पोर्ट. त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर यूएसबी ३ साठी वेगळी चिप बसवलेली असे आणि बायोसकडे तिचा ड्रायव्हर नसे. विंडोज सुरू झाल्यावर विंडोजचा ड्रायव्हर चालतो, म्हणून तिथे डिस्क दिसते. काळ्या यूएसबी २ पोर्टला लावा. बूट होताना वेग कमी मिळेल, पण बूट होईल.

दुसरं, बायोसमध्ये 'यूएसबी लेगसी सपोर्ट' बंद असणं.

तिसरं, यादी चुकीच्या ठिकाणी बघणं. पोर्टेबल हार्ड डिस्कला जुना बायोस 'रिमूव्हेबल' म्हणत नाही, हार्ड डिस्क म्हणतो. त्यामुळे ती पहिल्या यादीत नसते, 'हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी' च्या आतल्या यादीत घरच्या डिस्कच्या खाली असते. तिथे वर आणावी लागते.

चौथं कारण क्वचित: चकती वेग घेईपर्यंत बायोस यादी करून मोकळा झालेला असतो. डिस्क लावून संगणक चालू करा, आणि यादीत नसेल तर न बंद करता कंट्रोल-ऑल्ट-डिलीटनं पुन्हा सुरू करा. आता चकती फिरतच आहे, ती दिसेल. बायोसमधलं 'फास्ट बूट' बंद केलं तरी हेच साधतं.

मोजपट्टी
बूटमेनूच्या कळा एकत्र लिहून ठेवतो, हा प्रश्न दर धाग्यात येतो. डेल एफ१२. एचपी आधी एस्केप, मग एफ९. लेनोव्हो एफ१२, काही मॉडेलांना बाजूला टाचणीनं दाबायचं 'नोव्हो' बटण असतं. असूस लॅपटॉप एस्केप, असूसचे डेस्कटॉप बोर्ड एफ८. एमएसआय एफ११, गिगाबाइट एफ१२. एसर एफ१२, पण तो मेनू पुष्कळदा बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो, आधी चालू करावा लागतो. लॅपटॉपवर कळ काम करत नसेल तर एफएन सोबत दाबून पाहा.

विंडोज चालू असलेल्या लॅपटॉपवर सर्वांत खात्रीचा मार्ग: शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट'. निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' येतं, तिथून यूएसबी निवडा.

पाचर
नव्या लॅपटॉपबद्दल. सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. हे मी ठळक करतो आहे, कारण यात लोकांचा डेटा जातो.

विंडोज ११ च्या लॅपटॉपवर आतली डिस्क पुष्कळदा आपोआप कूटबद्ध झालेली असते, होम आवृत्तीतही. मालकाला ते माहीतच नसतं. कुलपाची किल्ली टीपीएम चिपमध्ये असते आणि ती सिक्युअर बूटच्या स्थितीशी बांधलेली असते. तुम्ही सिक्युअर बूट बंद केलंत की चिप किल्ली द्यायला नकार देते आणि विंडोज ४८ अंकी आकडा मागतं. तो बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेला असतो. पण ते खातं दुकानदारानं लॅपटॉप सुरू करून देताना त्याच्या ईमेलनं उघडलं असेल तर तो आकडा तुमच्या हाती नाही. आधी तपासा: सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का, खात्यात आकडा दिसतो का.

आणि तुम्हाला सिक्युअर बूट बंद करायची गरजही नाही. व्हेन्टॉय पहिल्यांदा लावल्यावर निळ्या चौकटीत 'व्हेरिफिकेशन फेल्ड' येईल. घाबरू नका. ओके, मग कुठलीही कळ, मग 'एनरोल की फ्रॉम डिस्क', तिथे व्हेन्टॉयचा छोटा पार्टिशन, त्यात ज्या फाइलच्या नावातच 'ही की नोंदवा' असं इंग्रजीत लिहिलं आहे ती, 'कंटिन्यू', 'येस', 'रीबूट'. दर संगणकावर हे एकदाच.

काही लॅपटॉपांवर याच्याही आधी अडतं. तिथे फर्मवेअरमध्ये (बायोस किंवा यूईएफआयच्या सेटिंग्जमध्ये) मायक्रोसॉफ्टच्या 'थर्ड पार्टी' प्रमाणपत्राला परवानगी देण्याचा वेगळा पर्याय असतो आणि तो बंद असतो. तो चालू करा. पण हाही सिक्युअर बूटचाच बदल, त्यामुळे वरचा ४८ अंकी नियम इथेही लागू.

गिरमिट
व्हेन्टॉय आणि लिनक्सच्या आयएसओ ताज्या ठेवा. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं जुने बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) बाद ठरवणारी यादी फर्मवेअरमध्ये लिहिली. त्यानंतर पुष्कळ संगणकांवर जुनी लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून सुरू होईना. डिस्क तीच, आयएसओ तीच, कालपर्यंत चालणारी.

व्हेन्टॉय ताजं करताना 'अपडेट' दाबा, 'इन्स्टॉल' नाही. अपडेट फक्त ३२ एमबीचा भाग आणि सुरुवातीचे काही सेक्टर बदलतं, तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही. इन्स्टॉलनं अख्खी डिस्क जाते, डेटाच्या पार्टिशनसकट. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी आहेत.

मोजपट्टी
विंडोज टाकायला बसणार असाल तर अजून एक गोष्ट आधीच डिस्कवर ठेवा. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांवर विंडोजचा इन्स्टॉलर म्हणतो, डिस्कच सापडत नाही. डिस्क ठणठणीत असते, ती व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून 'इंटेल रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर घ्या. तो एक्सई असेल तर उलगडून आतल्या आयएनएफ फाइलींचं फोल्डर करून ठेवा, इन्स्टॉलरला 'लोड ड्रायव्हर' मध्ये तेच दाखवायचं असतं. वायफायचा ड्रायव्हरही सोबत ठेवा, विंडोज ११ इन्स्टॉल झाल्यावर पहिल्याच सेटअपमध्ये इंटरनेट मागतं.

आयएसओ उतरवल्यावर तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून पाहा. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' नं ती काढता येते. इन्स्टॉल ६० टक्क्यांवर अडकून फाइल खराब असल्याचं सांगतं, तेव्हा बऱ्याचदा अर्धवट उतरलेली आयएसओच कारण असते. आयएसओचं नाव रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवा, व्हेन्टॉयच्या मेनूत देवनागरी नीट जुळून दिसत नाही.

लोलक
हे सगळं समजलं. शेवटचा प्रश्न राहिला, याच डिस्कवर पूर्ण लिनक्स.

कानस
याच डिस्कवर नको. दोन कारणं, आणि पहिलं निव्वळ गणिताचं आहे.

मिनिटाला ५४०० फेऱ्यांची चकती एका फेरीला ११.१ मिलिसेकंद घेते. हवा असलेला सेक्टर डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, ५.५ मिलिसेकंद. डोकं त्या पट्ट्यावर न्यायला आणखी १२ च्या आसपास. म्हणजे एका विखुरलेल्या वाचनाला १७-१८ मिलिसेकंद, सेकंदाला ५५-६० वाचनं. ४ केबीचा एक तुकडा धरला तर सेकंदाला सव्वादोनशे-अडीचशे केबी. हीच डिस्क मोठी सलग फाइल सेकंदाला १०० एमबीच्या वर वाचते. लिनक्स किंवा विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचतं. म्हणून फोटो झपझप कॉपी होतात आणि त्याच डिस्कवरची सिस्टिम ब्राउझर उघडायला मिनिटभर घेते. यूएसबी ३ असल्यानं यात काडीचा फरक पडत नाही, वेळ वायरीत जात नाही, चकतीवर जातो.

दुसरं कारण: व्हेन्टॉयच्या छोट्या पार्टिशनमधली बूटफाइल ज्या ठरावीक जागी आणि ठरावीक नावानं असते, तीच जागा आणि तेच नाव बाहेरच्या डिस्कवर टाकलेल्या लिनक्सलाही लागतं. लिनक्सचा इन्स्टॉलर तिथे लिहून गेला की व्हेन्टॉय बंद.

अधूनमधून लागणाऱ्या लिनक्सला आयएसओच पुरे. बदल टिकवायचे असतील तर व्हेन्टॉयमध्ये 'पर्सिस्टन्स' ची सोय आहे: ८-१० जीबीची एक डॅट फाइल करून ती आयएसओशी जोडायची. सेटिंग्ज, फाइली, टाकलेली सॉफ्टवेअर टिकतात. कर्नेलची अपडेट मात्र टिकून बूट होत नाही, कारण कर्नेल आयएसओमधूनच उचलला जातो.

पाचर
पूर्ण लिनक्स हवंच असेल तर २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा जोडणीची एसएसडी (चकती नसलेली डिस्क) आणि यूएसबी ३ चं केसिंग (तिला यूएसबीला जोडणारा डबा) घ्या. विखुरलेली वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. केसिंग यूएएसपी (यूएसबीवरून डिस्क जास्त वेगानं चालवण्याची पद्धत) चालवणारं घ्या.

टाकताना नेहमी होणारी चूक: इन्स्टॉलरला बाहेरची डिस्क दाखवली तरी त्यातले काही बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (यूईएफआयच्या बूटफाइलींचा भाग) टाकतात. उबंटूच्या इन्स्टॉलरची ही जुनी खोड आहे. मग बाहेरची डिस्क काढली की लॅपटॉप 'ग्रब' च्या (लिनक्सचा बूटलोडर) काळ्या पडद्यावर थांबतो, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली तर तिथे काहीच सुरू होत नाही, कारण तिच्यावर बूटलोडरच नाही. दोन्ही बाजूंनी नुकसान.

उपाय सरळ आहे. टाकण्यापुरती आतली डिस्क फर्मवेअरमधून बंद करा, किंवा डेस्कटॉप असेल तर तिची वायर काढा. बाहेरच्या डिस्कवर जीपीटी, ५१२ एमबीचा ईएफआय पार्टिशन, बाकी ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलरचना). झाल्यावर ग्रब एकदा 'रिमूव्हेबल' पर्यायानं पुन्हा बसवा, म्हणजे ते त्या ठरावीक जागी जातं आणि कुठल्याही यूईएफआय संगणकाला नोंदणीशिवाय सापडतं. आतली डिस्क परत जोडा.

विंडोजबद्दल: त्याचा इन्स्टॉलर यूएसबी डिस्कवर बसायलाच नकार देतो. 'विंडोज टू गो' ही मायक्रोसॉफ्टची सोय विंडोज १० च्या २००४ आवृत्तीत, म्हणजे २०२० साली काढून टाकली. रूफसमधून अजून करता येतं, पण एसएसडीवरच करा, आणि आतल्या डिस्कला हात लावू न देण्याचा पर्याय निवडून.

गिरमिट
लोलक, दुरुस्तीच्या वेळी अजून एका जागी अडाल. लिनक्स लावून लॅपटॉपच्या विंडोजमधल्या फाइली काढायला जाल आणि तो पार्टिशन 'फक्त वाचा' असा उघडेल. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असताना बंद केलेला संगणक खरा बंद नसतो, अर्धा निजलेला असतो. फाइली काढायला वाचणं पुरेसं आहे. लिहायचा हट्ट करू नका. विंडोज सुरू होत असेल तर शिफ्ट दाबून 'शट डाउन' करा, मग पूर्ण बंद होतं.

मोजपट्टी
लोलक यांचा बराचसा डेटा ध्वनिमुद्रणं आणि कागदपत्रं असल्यानं हे लिहितो. फाइलींची नावं मराठीत असतील तर पुढे लिनक्सच्या ईएक्सटी४ वर नेताना 'फाइल नेम टू लाँग' असं येऊ शकतं.

एनटीएफएस आणि एक्सफॅटमध्ये नावाला २५५ चिन्हं चालतात. ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइट चालतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'महाराष्ट्र' दिसायला चार अक्षरं: म, हा, रा, ष्ट्र. साठवताना चिन्हं १०, बाइट ३०. म्हणजे मराठी नावाची खरी मर्यादा ८५ चिन्हं, दिसायला पस्तीस-चाळीस अक्षरं. कार्यक्रमाचं नाव, गायक, गाव, तारीख, राग असं सगळं नावातच लिहायची सवय असेल तर हे सहज ओलांडलं जातं. एनटीएफएसवर ती फाइल सुखानं राहते, ईएक्सटी४ वर कॉपी करताना एकेक सुटत जाते. कॉपी करणाऱ्या प्रोग्रामनं शेवटी दाखवलेली यादी न वाचता मूळ पुसलं तर त्या फाइली गेल्या. नावं ६०-७० चिन्हांत आणा, उरलेला तपशील फोल्डरच्या नावात टाका.

दुसरं, 'ऱ'. दुसऱ्या, कऱ्हाड, नवऱ्याचा यांतला. यूनिकोडमध्ये तो एका चिन्हानंही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा दोन चिन्हांनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस रचना नावं तोडून ठेवते, त्यामुळे तिथे केलेल्या झिपमधून आलेलं 'कऱ्हाड' आणि तुमच्या कीबोर्डवरून टंकलेलं 'कऱ्हाड' डोळ्यांना एकच, संगणकाला दोन. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या किंवा शोधून फाइल सापडेना, तर हे तपासा.

लोलक
हे अगदी उपयोगी. नावं बरीच लांब आहेत, आधी ती आवरतो. ५८० जीबी कॉपी व्हायला किती वेळ धरावा? आणि एकदा या डिस्कवर आलं की जुन्या डीव्हीडी टाकून द्यायचा विचार आहे.

कानस
वेळ: यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबी धरा, ५८०० सेकंद, साधारण १ तास ३७ मिनिटं. काळ्या यूएसबी २ पोर्टवर ३५ एमबी, म्हणजे साडेचार तासांच्या वर. कॉपी नव्या लॅपटॉपवर करा.

पण कॉपी मधेच २० एमबीवर घसरली तर वायर बदलत बसू नका. १ टीबी आणि त्यावरच्या बहुतेक अडीच इंची डिस्क आता एसएमआर पद्धतीच्या असतात, पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. एक पट्टा पुन्हा लिहायचा तर शेजारचे अनेक पुन्हा लिहावे लागतात. डिस्क आधी एका राखीव भागात भराभर घेते, तो भरला की मागचं आवरत बसते. मोठ्या फाइली सलग लिहिताना फारसं जाणवत नाही. हजारो लहान फाइली बदलताना, पुसून पुन्हा लिहिताना फार जाणवतं. कॉपी संपली तरी डिस्क तासभर जोडलेली राहू द्या, तिचं आवरून होतं. रोज बदलणाऱ्या फाइली हिच्यावर थेट उघडून काम करू नका.

डीव्हीडी टाकू नका. ही डिस्क बिघडलेल्या संगणकांना लावायची आहे. वीज नीट न देणारी पोर्ट, व्हायरस असलेलं विंडोज, रात्री अकरा वाजता घाईत निवडलेली चुकीची डिस्क, या सगळ्यातून तीच जाणार. 'इन्स्टॉल' आणि 'अपडेट' शेजारी आहेत हे गिरमिट यांनी सांगितलंच. अशा डिस्कवर ज्याची दुसरी प्रत नाही असं काहीही नसावं. एक साधी १ टीबीची डिस्क निव्वळ प्रतीसाठी घ्या. तिच्यावर बूट नाही, व्हेन्टॉय नाही, महिन्यातून एकदा बाहेर काढायची.

गिरमिट
ती दुसरी डिस्क ऑनलाइन घेताना '१६ टीबी' लिहिलेल्या हजार-दोन हजारांच्या डिस्कपासून दूर राहा. आत मेमरी कार्ड असतं आणि आकार खोटा सांगितलेला असतो. खरी जागा संपली की लिहिलेलं जुन्यावर चढतं किंवा हवेत जातं, नावं मात्र दिसत राहतात. कुठलीही नवी डिस्क आली की विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ नं पूर्ण भरून, परत वाचून पाहा. १ टीबीला पाच-सहा तास लागतील, लागू द्या.

तीन-चार महिन्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५, सी५, सी६ या खराब सेक्टरांच्या ओळी पाहा. कच्चे आकडे शून्य हवेत. सी५ वाढत असेल तर त्याच दिवशी डेटा हलवा. सी७ वाढत असेल तर चकतीपेक्षा जोडणीचा संशय घ्या, केसिंग बदलून पाहा.

केसिंगवरून आठवलं. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्याच सर्किटवर डागलेलं असतं, आत साटा नसतंच. काहींमध्ये जोडणाऱ्या चिपमध्येच कूटबद्धता असते, पासवर्ड ठेवला नसला तरी. अशी डिस्क फोडून दुसऱ्या केसिंगमध्ये घातली तर काही वाचता येत नाही. यूएसबीचं तोंड सैल झालं तर ती उघडण्याआधी हे लक्षात घ्या.

मोजपट्टी
आणि दोन ठिकाणी 'फॉरमॅट करू का' असं विचारलं जाईल, दोन्हीकडे नाही म्हणा. टीव्हीला लावल्यावर रेकॉर्डिंगसाठी टीव्ही विचारतो. आणि लिनक्सचा पार्टिशन असलेली डिस्क लावल्यावर कधी कधी विंडोज विचारतं, कारण ईएक्सटी४ त्याला वाचता येत नाही.

लोलक
व्हेन्टॉय बसवलं. एमबीआर, १०३ जीबी, बाकी एनटीएफएस. नव्या लॅपटॉपवर की नोंदवून मेनू आला, ४८ अंकी आकडा आधी उतरवून घेतला. २०१९ च्या लॅपटॉपवरही आला. डेस्कटॉपवर काळ्या पोर्टला लावूनसुद्धा नुसती लुकलुकणारी रेघ दिसते.

कानस
रेघ दिसते म्हणजे बायोसनं डिस्क पकडली आहे, पुढचं वाचताना अडलं. बायोसमध्ये यूएसबी डिस्क कोणत्या प्रकारची मानायची असा पर्याय आहे का पाहा: ऑटो, फ्लॉपी, फोर्स्ड एफडीडी, हार्ड डिस्क, सीडी. 'ऑटो' वर असेल तर 'हार्ड डिस्क' करा.

लोलक
'ऑटो' वरच होतं. 'हार्ड डिस्क' केल्यावर मेनू आला, आयएसओही उघडली. आता नावं आवरायला घेतो, ८५ चिन्हांच्या वरच्या फाइली २१४ निघाल्या आहेत.